टोपलीत उरलेली भाकर

फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या मुंगवड्या उलटवत होते. उन्हानं मोबाइलवरचं नाव दिसेना, म्हणून तसाच कानाला लावला. अकोल्याहून शबाना बोलत होती. माझी बालमैत्रीण चंदा हिच्या शिलाईच्या खोलीत, शेजारच्या मशीनवर बसून जिनं तिच्यासोबत निम्मं आयुष्य काढलं, ती शबाना. "सुलभाताई..." एवढं म्हणून ती थांबली. मागं पंख्याची घरघर ऐकू येत होती, मशीनचा आवाज येत नव्हता. मे महिना संपत आलेला, शाळांचे गणवेश डोक्यावर, आणि भर दुपारी त्या खोलीतली दोन्ही मशीनं बंद... मी गच्चीच्या कठड्याला टेकले. "चंदाताई गेल्या हो. दुपारी जेवून जराशा पडल्या, उठल्याच नाई. डॉक्टरसाब येऊन गेले. दिल का दौरा म्हनून राहिले." माणूस गेल्याचं कळल्यावर लोक विचारतात, कसं झालं, जवळ कोण होतं. माझ्या तोंडून निघालं, "जेवली होती ना?" शबानाला ते वावगं वाटलं नाही. चंदाला ओळखणाऱ्या कोणालाच वाटलं नसतं. "हाव ताई, पोटभर जेवल्या. भाकर बी ठेवली टोपलीत. हाय अजून तशीच," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी फोनवर रडलो.

त्या भाकरीबद्दलच मला लिहायचं आहे. चंदा कोणी मोठी बाई नव्हती. पुरवणीत फोटो यावा असं तिनं काही केलं नाही, आणि आला असता तर तिनं मलाच झापलं असतं. ती अकोल्यात जुन्या शहरात शाळेचे गणवेश शिवायची, एकटी राहायची, आणि जाडी होती. जाडी हा शब्द मी मुद्दाम लिहिते. तिच्या तेरवीला जमलेले लोक 'भारदस्त' म्हणत होते, 'अंगापिंडानं मजबूत' म्हणत होते... जन्मभर तोंडावर जाडी म्हणणारेच ते. मी तोंडाची फटकळ आहे. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून नोकरी झाली, समोर जे असेल तेच टाइप करायची सवय अजून गेलेली नाही.

आम्ही दोघी बाळापूरच्या. आमचं घर आणि तिच्या मामाचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. ती मामाकडे आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. काडी झालेली, केसांत जटा, आणि हातात एक कापडी पिशवी, जी ती कोणाला धरू देईना. आई बाळंतपणात गेली होती. बाप मजुरीसाठी सुरतेकडे गेला आणि तिकडचाच झाला. मग ही पोरगी आधी आत्याकडे, तिथून बापाच्या चुलतभावाकडे, आणि तिथंही जड झाली तेव्हा मामाकडे. आधीच्या घरांत कोणी मारलं-झोडलं असं तिनं कधी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की घरच्या पोरांची जेवणं झाली की तिला हाक यायची, आणि कधीकधी यायचीच नाही. हाक येईपर्यंत ती चुलीकडे पाठ करून बसायची. पाहिलं की पोट जास्त दुखायचं म्हणे. ती पाठ फिरवायची सवय तिच्या अंगात अशी मुरली, की पुढं ताट मिळालं तरी ती भिंतीकडे तोंड करूनच जेवायची. जेवायची तरी काय, कोणी हिसकावून घेईल अशा घाईनं गिळायची.

मामाकडे खायला भरपूर होतं. वर्षभरात चंदा अंगानं भरली, आणि मग भरतच गेली. मामी वाईट नव्हती हे इथं सांगायला हवं, कारण अशा लेखांत मामीला वाईट करून टाकणं फार सोपं असतं. उलट तिला चंदाच्या अंगाचा अभिमान होता. हळदीकुंकवाला बाया जमल्या की ती चंदाला हाक मारायची, तिचा दंड धरून सगळ्यांना दाखवायची. "पाहा वं बाई, मायबाप नसलेली पोट्टी हाय, कोनी म्हनन का? आली तवा नुसती हाडं होती." बाया कौतुकानं माना हलवायच्या. अशी मामी सगळ्यांना मिळो म्हणायच्या. पोरगी जाडी म्हणजे पोरगी सुखात, हे आमच्याकडे इतकं पक्कं ठरलेलं, की पुढं विचारायचं कोणाच्या मनातच आलं नाही. चंदाचं अंग हे मामीचं प्रमाणपत्र होतं. लग्नाच्या पंगतीत मामी तिला सगळ्यांना दिसेल अशा जागी बसवायची, आग्रह करून करून वाढायला लावायची. कोहळ्याचं बोंड घे, अजून एक घे, लाजू नको. आणि त्याच संध्याकाळी घरी चंदानं भाकरीला हात लावला की, "एवढं काहून खातं वं? दुपारीच तं जेवली." मामीच्या कमरेला कपाटाची किल्ली असायची. दूध, गूळ, तूप त्या कपाटात. तसं ते त्या काळी घरोघरी असायचं, चंदासाठी म्हणून काही नव्हतं. पण किल्लीचा आवाज झाला की घरातली बाकीची पोरं खेळत राहायची, आणि चंदा खेळता खेळता थांबायची.

मला हे कळलं ते मुंग्यांमुळे. आम्ही एका बाकावर बसायचो. एक दिवस तिच्या दप्तरातून मुंग्यांची रांग निघाली ती थेट बाईंच्या टेबलापर्यंत. बाईंनी दप्तर उलटं केलं. वह्यांच्या मध्ये भाकरीचे तुकडे, गुळाचा चपटा झालेला खडा, आणि कधीचे कोण जाणे, बुरशी आलेले डाळीचे दोन फुनके. वर्ग फिदीफिदी हसला. बाई म्हणाल्या, घरचं पुरत नाही का गं तुला? चंदा खाली मान घालून उभी. सुट्टीत मी तिला विचारलं, मामी देते ना तुला रोज जेवायला? ती म्हणाली, "देते ना. आज देते."

आज देते... तेव्हा मला ते उत्तर नीट कळलं नाही. आता साठी ओलांडल्यावर मी ते पुन्हापुन्हा ऐकते.

गणवेशाचं प्रकरणही त्याच वर्षांतलं. बाजारात एक शिंपीकाका होते. माप घेताना ते आकडा मोठ्यानं ओरडायचे, आणि ओट्यावर बसलेला त्यांचा माणूस तो लिहून घ्यायचा. शाळा उघडायच्या आधी तिथं पोरांची गर्दी. चंदाची छाती, कंबर, सगळं भर बाजारात पुकारलं गेलं, आणि पोरांनी ते पाठ करून टाकलं. पुढं कित्येक महिने ती वर्गात आली की मागच्या बाकावरून तिच्या कमरेचा आकडा यायचा. हजेरीला नाव घेतात तसा. पुढच्या वर्षी ती शिंप्याकडे गेलीच नाही. मामीचं हातमशीन होतं. चंदानं जुनाच फ्रॉक दोन्ही अंगांनी उसवला आणि मध्ये पट्ट्या जोडल्या. निळ्या फ्रॉकला जरा वेगळ्या निळ्या पट्ट्या. लांबूनही कळायचं. पण माप कोणी घेतलं नव्हतं, आणि त्या पट्ट्यांत ती जितकी ताठ चालायची तितकी मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिथून तिचं शिवणं सुरू झालं.

लग्नाचं जमलं नाही. बघायला येणारे पोहे खाऊन जायचे आणि मग निरोप यायचा, की मुलगी कामाची आहे, पण... त्या 'पण'च्या पुढं कोणी काही म्हणत नसे. एक दिवस चंदानंच मामाला सांगितलं, आता पोहे करायचे नाहीत. मामीनं तेव्हा फार त्रागा केला, पण चंदा अकोल्याला निघाली तेव्हा आपलं हातमशीन चादरीत बांधून तिच्यासोबत दिलं, आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत फाट्यावर उभी राहिली. चंदानं ते मशीन शेवटपर्यंत ठेवलं होतं. मोडीत काढ म्हटलं तर माझ्या अंगावर यायची.

मी लग्न करून अमरावतीला आले. पत्रं, मग फोन, आणि वर्षातून दोन-तीनदा मूर्तिजापूरवरून जाणारी बस धरून मी तिच्याकडे. तिची खोली मला डोळे मिटून सांगता येते. समोर दोन मशीनं, मधे कापायचं टेबल, मागं पडद्याआड स्वयंपाक. आणि भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला पांढऱ्या कापडाच्या लांब पट्ट्या लटकलेल्या. हे तिचं माप. टेप तिच्या गळ्यात कधी नसायचा. पोर आलं की ती कोऱ्या कापडाची एक पट्टी फाडायची, खांद्यापासून खांद्यापर्यंत धरायची, कात्रीनं बारीकसा कट द्यायची. मग छाती, दुसरा कट. कंबर, तिसरा. टोकाला पोराचं नाव. बस. आकडा ना बोलायचा, ना लिहायचा. शबानानं सुरुवातीला वैतागून म्हटलं होतं, अहो ताई, टेपनं दोन मिनिटांचं काम. चंदा म्हणाली, "आकडा असला का पोट्टे तो ध्यानात ठेवतात वं. पट्टी कोनाच्या ध्यानात राह्यते?" हळूहळू लांबच्या वस्त्यांतल्या आया आपल्या जाड्या पोरापोरींना घेऊन तिच्याकडे यायला लागल्या. रेडिमेड गणवेश त्यांना व्हायचे नाहीत आणि दुकानातले लोक हसायचे. तिच्याकडे कोणी हसत नसे. ती पट्टी गुंडाळताना पोराला एवढंच विचारायची, आज काय जेवलास?

लोक आता म्हणतात, किती खंबीर होती, काय काय सोसून उभी राहिली. मला तो शब्द आवडत नाही. खंबीर म्हणजे काय, तर रडायला मागं कोणी नव्हतं म्हणून ती रडली नाही. सोसलेलं कुठं जात नाही, ते अंगात राहतं. चंदाच्या अंगात ते जन्मभर होतं, सगळ्यांना दिसेल असं, आणि तरी कोणाला दिसलं नाही.

आता ती टोपली. पडद्याआडच्या फळीवर एक बांबूची टोपली, तिच्यावर लाल फडकं. दोन्ही वेळी जेवण झालं की चंदा एक भाकर त्या टोपलीत ठेवायची आणि फडक्याचं एक टोक उचलून ठेवायची, भाकर दिसावी म्हणून. झोपायला जाण्याआधी तिकडे एकदा पाहायची. आदल्या दिवसाची भाकर सकाळी तिखट-मीठ-कांदा घालून कुस्करायची आणि शबाना आली की दोघी मिळून खायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, मांजरासाठी असेल. मग एकदा मी तिची खेचली. म्हटलं, कोण येणार आहे गं जेवायला, दारावर बैरागी?

"माह्यासाठीच ठेवतो. झोपाच्या आंधी पाहतो ना मी."

"अगं, साठीला आलीस. घरात ज्वारीचं पोतं आहे. आता कोण उपाशी ठेवणार तुला?"

ती हसली. तिचं हसू सगळं अंग हलवून यायचं. "मले मालूम हाय वं, सुले. पोटाले नाई मालूम." आणि मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोक म्हनत, खादाड हाय. मी खादाड नोती. मी भेलेली होती."

मला वाटलं होतं, हे सगळं चंदापुरतं आहे, तिच्याबरोबर संपेल. पण माझा जावई अपघातात गेला, आणि माझी मुलगी अर्चना तिच्या आठ वर्षांच्या तन्वीला घेऊन अमरावतीला माझ्याकडे आली. अर्चनाला नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या ऑफिसात नोकरी मिळाली. सकाळी लवकर जायची, अंधार पडता पडता यायची. माझे गुडघे, माझी डोळ्यांची ऑपरेशनं, घरात येणारी-जाणारी माणसं... तन्वीचं सगळं नीट चाललंय असं आम्हाला वाटत होतं. पोरगी रडत नव्हती. अभ्यास करत होती. आणि अंगानं भरत होती. एक दिवस शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरगी तं चांगलीच पोसली बाई. बापाचं दुःख इसरली दिसते, बरं झालं." माझ्या डोक्यात अशी सणक गेली, की मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. अजून आमचं बोलणं नाही. बाळापूरच्या हळदीकुंकवातल्या बाया त्या दिवशी माझ्या अमरावतीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

तन्वी आमच्यासोबत जेवेनाशी झाली. ताट घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दाराकडे पाठ करून बसायची. शाळेत खेळाच्या तासाला पोरं काय म्हणायची ते तिनं सांगितलं नाही. तो तास असला की तिचं पोट दुखायचं, एवढं मला दिसायचं. मग शाळाच नको म्हणायला लागली. आणि एका सकाळी मी तिची गादी झटकायला घेतली, तर कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघालेली. गादीखाली बिस्किटांचे पुडे, चिवडा, अर्धी पोळी कागदात गुंडाळून. मी तिथंच जमिनीवर बसले. त्या मुंग्या मला ओळखीच्या होत्या.

आमच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. भला माणूस. त्यांनी तन्वीसमोर वजनकाट्याचं नाव काढलं नाही. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, टोकू नका, लपवू नका, जेवणाची वेळ चुकवू नका, आणि तिच्याशी बोला, बापाबद्दल बोला. अर्चना म्हणाली, बोलायला गेलं की ती गप्प होते. त्याच दिवशी मी चंदाला फोन केला. गादी, पुडे, मुंग्या, सगळं सांगितलं. पलीकडे मशीन थांबलं. फोनवर बोलताना चंदाचं मशीन थांबलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "सुट्टी लागली का आनून सोड माह्याकडं. अन् तिले पोट्टी जाडी झाली म्हनून पाठवून राहिली असं नको सांगू. मले काज-बटनाले मानूस पायजे, असं सांग."

ती मागच्या वर्षीची उन्हाळी सुट्टी. मी तन्वीला सोडायला गेले होते, म्हणून पहिलं जेवण मी डोळ्यांनी पाहिलं. तन्वी ताट घेऊन भिंतीकडे वळली. चंदा आपलंही ताट उचलून तिच्या शेजारी, तशीच भिंतीकडे तोंड करून बसली. दोघींच्या त्या रुंद पाठी माझ्याकडे... जेवण झाल्यावर चंदानं फळीवरची टोपली उतरवून तिच्या हातात दिली. "हे आजपासून तुह्या ताब्यात. यात रोज भाकर राहीन. तुले जवा वाटन तवा घे, कोनाले इचारू नको. सपली तं सांग, मी दुसरी थापीन."

रोज भाकर संपायची. चंदा रोज थापायची, एकीच्या दोन ठेवायला लागली, त्याही संपायच्या. मी फोनवर काळजी करायची, अर्चना तर घाबरलीच होती, की अशानं पोरीचं आणखी वाढेल. चंदा म्हणायची, "वाढू दे. आंधी भेव जाऊ दे." दिवसा तन्वी बटणं लावायची, पट्ट्यांवर नावं लिहायची. शबानाच्या घरी ईद होती तिथं जाऊन आली. बाप कसा गाडी चालवताना शीळ घालायचा, हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, ते काज करता करता चंदाला सांगितलं. आणि सुट्टी संपत आली असताना एका सकाळी माझा फोन वाजला. चंदाच्या तोंडून शब्द फुटेना. मी घाबरले. काय झालं, तन्वी बरी आहे ना? "बरी हाय," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. "सुले... आज भाकर उरली."

तन्वी बारीक झाली का, असं मला लोक विचारतात. नाही झाली. थोडी झाली असेल, नसेलही, आम्ही मोजलं नाही. ती आता खेळाच्या तासाला जाते. आणि आमच्यासोबत, आमच्याकडे तोंड करून जेवते. मला एवढं पुरे होतं.

चंदा शेवटची आमच्याकडे आली ती या होळीनंतर. तन्वीचा नव्या शाळेत प्रवेश झाला होता, गणवेशाचं माप घ्यायला ती मुद्दाम आली. पट्टी फाडली, कट दिले, पोरीनं आपणच टोकाला आपलं नाव लिहिलं. संध्याकाळी आम्ही तिघी चौकातल्या हातगाडीवर गिलावडा खायला गेलो. तन्वी गाडीजवळ उभी राहून, तोंडाला दही लावून, भर रस्त्याकडे तोंड करून खात होती. चंदा तिच्याकडे बघत राहिली. स्वतः मात्र गाडीच्या आडोशाला, भिंतीकडे वळून उभी. मला हळूच म्हणाली, "माह्यापेक्षा लवकर शिकली पोट्टी. माही भाकर तं रोजच उरते, सुले. पन मी ते पायल्याबिगर झोपत नाई. हे पोट्टी न पायता झोपते." मी म्हटलं, तूही शीक आता. ती म्हणाली, "माह्यानं नाई होत आता. तिचं झालं ना." मला त्या वेळी ते ऐकून बरं वाटलं होतं. आता वाटतं, चंदाला कोणी आठव्या वर्षी एक टोपली ताब्यात दिली असती तर... पण कोणी दिली नाही, आणि आता देता येत नाही, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटतं की मी कोणावर तरी चिडते. हल्ली बहुतेक अर्चनावर.

तेरवी अकोल्यातच केली. मामी केव्हाच गेली, मामाची मुलं आली होती, त्यांनी सगळं रीतसर केलं. टेबलावर तन्वीचा गणवेश कापून ठेवलेला होता, टाचण्या लावलेल्या, शिवायचा बाकी. तन्वीनं तो पाहिला आणि ती तिथून निघून गेली. पंगत बसली तेव्हा ती दिसेना. मी शोधत पडद्यामागं गेले. ती फळीखाली, भिंतीकडे तोंड करून बसलेली, पुढ्यात ताट, आणि घास गिळायची तीच जुनी घाई. निघताना चंदाच्या वस्तूंतलं काय हवं असं तिला विचारलं तर म्हणाली, टोपली. शबानानं फडक्यासकट दिली.

ती टोपली आता आमच्या ओट्यावर आहे. पहिल्या दिवशी तन्वीनं सांगितलं, "आजी, एक भाकर जास्तीची कर." मी केली. सकाळी टोपली रिकामी. दुसऱ्या दिवशी रिकामी. मी दोन करायला लागले, त्याही संपायच्या. रोज सकाळी पोरगी अंघोळीला गेली की मी तिच्या गादीचा कोपरा उचलून बघायची. मुंग्या दिसल्या नाहीत, पण माझा जीव थाऱ्यावर नसायचा. शाळा उघडायची तारीख जवळ येत होती, नवी शाळा, नवी पोरं. आणि तिच्यासाठी मशीन थांबवणारी अकोल्यातली ती बाई आता नव्हती. शबानानं गणवेश शिवून पाठवला, अंगाला नीट बसला. तन्वीनं तो घालून पाहिला आणि घडी करून कपाटात टाकला. शाळेत जाणार का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परवा, शाळा उघडली त्या सकाळी, मी चहा ठेवायला ओट्याशी गेले. फडक्याचं टोक उचललेलं होतं. आत भाकर होती. दोन्ही होत्या. कडा जराशा वाळलेल्या, मधे माझ्या बोटांचे ठसे. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले आणि हात आपोआप फोनकडे गेला. चंदाचा नंबर लावला. पलीकडे वाजायला लागल्यावर मला आठवलं... पण फोन उचलला गेला. तो मोबाइल आता शबानाकडे असतो, गिऱ्हाइकांना तोच नंबर माहीत आहे. मागं मशीन चालू होतं.

"बोला ताई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "शबाना, आज भाकर उरली."

मशीन थांबलं. मग ती नाक ओढत म्हणाली, "मंग कुस्करा करा ना, ताई. कांदा जास्ती टाका, चंदाताईले तसाच लागे."

मी कांदा जास्त घालून कुस्करा केला. तन्वी नवा गणवेश घालून बाहेर आली. तिनं ताटली घेतली आणि आतल्या खोलीकडे न जाता पुढच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. गल्लीतून माणसं जात होती, शाळेची पोरं जात होती, त्या शेजारच्या काकूही दारात होत्या. तन्वी त्यांच्याकडे तोंड करून, एकेक घास सावकाश चावत जेवत होती. मी आत माझी ताटली घेऊन उभी होते. मग मीही जाऊन तिच्या शेजारी बसले.